वर्गातील शांततेचे अर्थ : नवशिक्षकांच्या दोन दशकांचा मागोवा

या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत रुजू होणारा शिक्षक आपल्या यशाचे माप बहुधा वर्गाच्या शांततेवरून काढत असे, आणि ही शांतता पुष्कळदा छडीच्या किंवा अपमानाच्या धाकाने आलेली असे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यातील सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटापुरता असला, तरी त्यामुळे पालटलेली दृष्टी नववी-दहावीच्या वर्गांपर्यंतही पोहोचली. धाक गेला, पण त्याच्या जागी काय आणावे याचे शिक्षण नवशिक्षकाला मिळाले नव्हते.

एका वर्षाच्या बी.एड. अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला सराव पाठ येत, म्हणजे निरीक्षक मागच्या बाकावर बसलेला असताना दुसऱ्याच शाळेत घेतलेल्या तासिका. त्यांच्या टाचणात शिक्षकाच्या प्रश्नासमोर विद्यार्थ्याचे अपेक्षित उत्तरही लिहिलेले असे. प्रत्यक्षात नववीतला मुलगा ते उत्तर देत नाही, अनेकदा मुळीच बोलत नाही. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत सलग राहून काम करण्याचा, काळ वाढला, हे योग्यच झाले.

स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये किशोरावस्थेला वादळाचा व ताणाचा काळ म्हटले आणि ही प्रतिमा प्रशिक्षणाच्या पुस्तकांत रुजली. तिच्यामुळे वर्गातील उद्धटपणा हा वयाचा दोष ठरवणे सोपे झाले, परंतु नवशिक्षकांना वर्गात जे उमगत गेले ते याहून फार महत्त्वाचे होते : आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याच्या तत्कालीन तरतुदीमुळे वरच्या वर्गात आलेल्या, पण सलग परिच्छेद वाचता न येणाऱ्या मुलाला, सर्वांदेखत वाचायला उभे केले की तो उलट बोलतो, कारण उद्धट ठरणे त्याला अडाणी ठरण्यापेक्षा सुसह्य वाटते. अशा मुलाला शिक्षा करणे हा अन्याय आहे; त्याचे वाचन तास संपल्यावर, एकट्याने ऐकणारा शिक्षकच त्याच्यापर्यंत पोहोचतो.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले, तेव्हा सहावीत असताना घरी गेलेली मुले आठवीच्या बाकांवर येऊन बसली. मधल्या काळात त्यांचे आवाज फुटले होते, उंची वाढली होती, आणि कित्येकांनी घरातले आजारपण किंवा मृत्यू जवळून पाहिला होता. त्या वर्षी रुजू झालेल्या शिक्षकांपुढेही वर्ग शांत होता, परंतु ती शांतता धाकाची नव्हती, तर बोलण्याची सवय मोडलेल्या मुलांची होती, आणि धडा सुरू करण्याआधी त्यांना नुसते बोलते करण्यातच पहिले काही आठवडे खर्ची पडले.