काडतूस घरी भरण्याचा खरा खर्च

चवथीला पेडण्याला गेलो, की बागायतीतली रानडुकरे आणि परवान्याची बंदूक हा विषय निघतोच. काडतुसे महाग, घरी भरली तर?

अमेरिकेत माझा एक मित्र भरतो. वापरलेल्या पितळी नळीत नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. त्यासाठी प्रेस, साचे, दारू तोलायचा काटा आधीच विकत घ्यावा लागतो. तो खर्च भरून निघायला शेकडो काडतुसे लागतात.

आपल्याकडे हिशेब निराळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप.

नेमबाजीतही हा मार्ग नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. त्या प्रकारातल्या पॉइंट टू-टू काडतुसाची पेटती दारू तळाच्या कडेतच असते. एकदा चेपली, की नळी निकामी.

मुलांना आवड असेल तर क्लबात १० मीटर एअर रायफलने सुरुवात करावी. छऱ्याला दारू लागत नाही. डिचोलीच्या काजूबागेसाठी मात्र काडतूस परवानाधारक दुकानातूनच, पावतीसह घ्यावे. ते महाग वाटले तरी स्वस्तच पडते.