जुन्या पिकअपला घरी टर्बो: ऐकीव काय, खरे काय

जुना शेव्हरोले सी-10 पिकअप, भंगारातून उचललेले 5.3 लिटरचे व्ही-8 इंजिन आणि त्यावर हवा दाबून आत भरणारा एक टर्बो. अमेरिकेत घरच्या गॅरेजात काम करणाऱ्यांची ही आता ठरलेली जोडणी झाली आहे. जनरल मोटर्सने हे इंजिन 1999 पासून आपल्या पिकअपमध्ये दिले. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि भंगारात मिळायला सोपे. त्याचे व्हिडिओ आपल्याकडची मुलेही आवडीने पाहतात. मात्र त्या पाहण्यातून काही ठाम गैरसमज रुजले आहेत आणि त्यापायी चांगली इंजिने वाया जातात.

सगळ्यात जुना समज म्हणजे टर्बोच्या दाबाने इंजिन फुटते. खरे तर माफक दाब हे इंजिन सहज सोसते. त्याचा घात करतात उष्णता आणि नॉकिंग. दाबलेली हवा तापते, सिलिंडरमधले मिश्रण आणखी तापते आणि स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो. त्या धक्क्याने पिस्टनचे रिंगलँड, म्हणजे रिंगांमधली कड, तुटते, हेड गॅस्केट जाते. दुसरे कारण त्याहून साधे आहे. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमध्ये फट असते. टर्बोमुळे रिंग जास्त तापते, जास्त फुगते, फट संपते आणि टोके एकमेकांवर आदळतात. मग रिंग बोअरमध्ये अडकते आणि पिस्टनचा कपचा निघतो. म्हणून जाणकार इंजिन खोलून ही फट वाढवतात. सुमारे 96 मिलीमीटरच्या बोअरला ती अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्त ठेवतात. कामाला लागते एक कानस, एक फीलर गेज आणि एक शांत दुपार. एवढ्या थोड्या खर्चात इंजिनाचे इतके रक्षण करणारे दुसरे काम मला माहीत नाही.

उष्णतेचा हा प्रश्न कारखान्यांनाही चुकला नव्हता. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये 10.25:1 कम्प्रेशनच्या इंजिनावर टर्बो होता आणि नॉकिंग टाळायला पाणी व मिथेनॉलचे मिश्रण हवेत सोडले जाई. ते भरायचे मालक विसरत. पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवावे लागले.

दुसरा समज आकड्यांचा: दाब दीडपट केला की ताकद दीडपट. गणित करून पाहू. बाहेर 25 अंश तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दीडपट करतो, म्हणजे गेजवर सुमारे 7 पीएसआय. कम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर हवा साधारण 77 अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जाणारी हवा 28 टक्क्यांच्या आसपासच वाढते. इंटरकूलरने तीच हवा 45 अंशांवर आणली तर वाढ 40 टक्क्यांपर्यंत पोहोचते, वर नॉकिंगचा धोकाही उतरतो. इंटरकूलरला चैनीची वस्तू समजून तो शेवटी घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. गेजवरचा दाब म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात किती हवा गेली, ते मोजायचे.

हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते. मूळचा कॉम्प्युटर सांभाळून घेईल, हा भरवसा खोटा आहे. 500 अश्वशक्तीला ताशी सुमारे 136 किलो पेट्रोल लागते. कारखान्याचे इंजेक्टर आणि पंप त्यासाठी बनलेलेच नसतात. टर्बोच्या जोरात हवा-पेट्रोलचे प्रमाण 11.5 ते 12 ला 1 असे दाट ठेवतात आणि स्पार्कचे टायमिंग मागे घेतात. वाइडबँड सेन्सर बसवून हे प्रमाण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये.

कम्प्रेशन कमी केल्याशिवाय टर्बो चालतच नाही, हेही खरे नाही. 5.3 चे कम्प्रेशन सुमारे 9.5:1 आहे आणि बेताच्या दाबाला ते चालते.

टर्बो जितका मोठा तितका चांगला, हा समज पिकअपच्या बाबतीत विशेष नडतो, कारण मोठा टर्बो जास्त फेऱ्यांवरच जागा होतो. दोन गाड्या पाहा. 1991 ची जीएमसी सायक्लोन ही 4.3 लिटर टर्बो व्ही-6 आणि 280 अश्वशक्तीची पिकअप, तिच्या काळात स्पोर्ट्स कारना मागे टाकणारी. पण भार उचलण्याची मर्यादा अवघी 500 पौंड. त्याआधी दोन वर्षे आलेल्या डॉज रॅमचे 5.9 लिटरचे कमिन्स टर्बो डिझेल 160 अश्वशक्तीचेच होते. त्याचा 400 पौंड-फूट टॉर्क मात्र मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आतच मिळे, म्हणून ट्रेलर ओढणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. भार वाहायचा असेल तर कमी फेऱ्यांवर जागा होणारा लहान टर्बोच घ्यावा.

टर्बोतून निळा धूर आला की सील गेले म्हणून नवा टर्बो मागवतात. पुष्कळदा दोष परतीच्या ऑइल पाइपचा असतो. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत ऑइलच्या थरावर तरंगते. ते ऑइल पुढे कोणताही पंप ओढत नाही. ते आपल्या वजनाने खाली उतरून चेंबरमध्ये पडायला हवे. पाइप अरुंद असला, मध्ये वाकला किंवा त्याचे तोंड चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीखाली गेले, की ऑइल तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते. पाइप जाड ठेवा, उतार सरळ ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

आणि गाडीचे काय? 1971 च्या आधीच्या सी-10 ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. 5.3 सोबत येणारा 4एल60-ई गिअरबॉक्स वाढलेल्या टॉर्कपुढे फार टिकत नाही. दणकट 4एल80-ई शोधतात तो त्यामुळेच. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

हे सगळे वाचून कोणी आपल्या जुन्या गाडीकडे वळणार असेल तर कायदा लक्षात घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ज्यांना हात शिकायचा आहे त्यांनी भंगारातले एखादे इंजिन आणून स्टँडवर चढवावे, रिंगची फट मोजावी, ऑइलच्या वाटा शोधाव्यात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.