इटालियन नामांचे लिंग

इटालियन भाषेत मराठीसारखी तीन नव्हे, दोनच लिंगे आहेत. मूळ लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होते; पुढे त्यातली बहुतेक नामे पुल्लिंगात मिसळली. साधारणपणे ‘ओ’कारान्त नाम पुल्लिंगी (लिब्रो, म्हणजे पुस्तक) आणि ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी (कासा, म्हणजे घर) असते. ‘ए’कारान्त नामांचा मात्र भरवसा नाही: लात्ते (दूध) पुल्लिंगी, तर क्यावे (किल्ली) स्त्रीलिंगी. अशी नामे ‘इल’, ‘ला’ या उपपदांसकटच पाठ केलेली बरी. मानो (हात) ‘ओ’कारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे, ग्रीकमधून आलेले प्रोब्लेमा ‘आ’कारान्त असून पुल्लिंगी.

फळझाडांची व्यवस्था सुटसुटीत आहे. झाड पुल्लिंगी, फळ स्त्रीलिंगी: पेरो म्हणजे नासपतीचे झाड, पेरा म्हणजे नासपती. अंजीर याला अपवाद. तिथे झाड आणि फळ दोन्हींना फीको हाच पुल्लिंगी शब्द.

सर्वांत मजेशीर प्रकार अंड्याचा. एक अंडे, उओवो, पुल्लिंगी. अनेक अंडी, उओवा, स्त्रीलिंगी. त्यामुळे विशेषणही बदलते: ताजे अंडे ‘उओवो फ्रेस्को’, ताजी अंडी ‘उओवा फ्रेस्के’. लॅटिन नपुंसकलिंगी अनेकवचनाचा ‘आ’ इथे टिकला आणि स्त्रीलिंगी ठरला. दीतो (बोट) आणि ब्राच्चो (बाहू) यांचेही तसेच.