बुडालेल्या मुलाला उलटे धरू नका

विहीर, शेततळे, हौद, इतकेच काय, न्हाणीघरातील अर्धी भरलेली बादलीही रांगत्या मुलाचा जीव घेऊ शकते. मूल पाण्यातून काढले, की पाय धरून उलटे करतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. असे करू नये. त्याने बाहेर येते ते बहुधा पोटातील पाणी. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि मोलाचा वेळ वाया जातो. ४ ते ६ मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मूल हाकेला ओ देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कठीण जागेवर उताणे ठेवा. हनुवटी किंचित उचला. नाक चिमटीत धरून तोंडाने ५ वेळा हळू फुंका. छाती वर आली पाहिजे. तान्ह्या बाळाचे नाक व तोंड एकदमच आपल्या तोंडात घ्यावे. तरीही हालचाल नसेल, तर छातीच्या मध्यभागी तळहाताने (बाळाला दोन अंगठ्यांनी) मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब द्या, मग २ वेळा फुंका. छाती एक तृतीयांश दबली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

मूल रडू लागले म्हणून परस्पर घरी नेऊ नका. फुफ्फुसांत सूज येऊन काही तासांनी धाप वाढू शकते. यासाठी रुग्णालयात निदान ६ ते ८ तास देखरेख हवी. गरजेप्रमाणे प्राणवायू किंवा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावतात. मात्र मेंदूची झालेली हानी कोणतेही यंत्र भरून काढत नाही. ती टाळणे काठावरच्या माणसांच्याच हाती असते.