स्टॅक ट्रेसचे वाचन आणि त्रुटींची परस्परसंवादी हाताळणी

आज्ञावलीतील एक फंक्शन दुसऱ्याला कॉल करते, तेव्हा परतीची जागा आणि स्थानिक चलांची मूल्ये स्मृतीतील स्टॅकवर उतरंडीप्रमाणे रचली जातात. काम अडखळल्यावर पडद्यावर उमटणारी या उतरंडीची यादी म्हणजे स्टॅक ट्रेस होय. पायथॉनमध्ये शेवटचा कॉल तळाशी छापला जातो, तर जावामध्ये प्रारंभी. ही साधी बाब अध्यापनात सांगायची राहिली, तर विद्यार्थी यादीच्या भलत्याच टोकाकडे पाहत बसतो.

स्टॅक ट्रेसला एक मूलभूत मर्यादा आहे. दोष कोठे प्रकट झाला हे त्यातून कळते. तो कोठे जन्मला हे कळेलच असे नाही. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला रिकामी यादी मिळाल्यास पायथॉन भागाकाराच्या ओळीवर बोट ठेवतो. वास्तविक दोष गुणांची फाइल चुकीची वाचणाऱ्या फंक्शनमध्ये असतो. ते तर आपले काम आटोपून स्टॅकवरून केव्हाच उतरलेले असते. ट्रेसमध्ये त्याचे नावही आढळत नाही. अशा वेळी मूल्यांचीच तपासणी करावी लागते. पायथॉनचा ‘पीडीबी’ हा डीबगर त्रुटीनंतरही प्रत्येक थरातील चले दाखवू शकतो. मात्र तेथून आज्ञावली पुढे चालवता येत नाही. ही एक प्रकारची उत्तरीय तपासणीच होय.

१९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पची रीत निराळी आहे. तेथे हाताळणी करणारा भाग स्टॅक मोडण्यापूर्वीच चालतो. नवे मूल्य पुरवावे, पुन्हा प्रयत्न करावा की काम सोडून द्यावे, असे पर्याय पुढे ठेवले जातात आणि निवडीनुसार आज्ञावली मार्गस्थ होते. सी++चे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी मात्र सीडर-मेसा प्रणालीतील अनुभवाचा दाखला देत पुनरारंभाची सोय नाकारली. मोठ्या प्रणालींत अशी सोय सदोष रचनेवर पांघरूण घालते, हा आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेत शिकणाऱ्याला तो तितकासा लागू पडत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत याहून घातक प्रकार आढळतो तो रिकाम्या ‘एक्सेप्ट’ विभागाचा. त्यामुळे लाल अक्षरे नाहीशी होतात आणि आज्ञावली चुकीचे उत्तर बिनदिक्कत छापते. परीक्षकापुढे मग ट्रेसही उरत नाही.