गाडीचे हेडलाइट धुरकट झालेत? बल्ब बदलण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात नातेवाइकांचा वलीमा आटोपून आम्ही रात्री घरी निघालो. भाईजानची गाडी बारा वर्षं जुनी, पण इंजिन ठणठणीत. घाटातल्या एका वळणावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी होती, ती अगदी जवळ गेल्यावरच दिसली. खैर झाली, ब्रेक वेळेवर लागला. भाईजान म्हणाले, "बल्ब कमजोर झालाय, उद्या जास्त वॅटचा टाकतो." सकाळी पाहिलं तर बल्ब चांगलाच होता. त्याच्यावरचं कव्हर मात्र मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं दिसत होतं.

असं का होतं?

जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या दिव्यांना काच असायची. आताचं कव्हर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं असतं. ते हलकं असतं, दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं. म्हणून कंपनी त्यावर संरक्षक थर देते. वर्षानुवर्षं ऊन, धूळ आणि बारीक खडी झेलून हा थर झिजतो. मग खालचं प्लास्टिक पिवळं, खरखरीत होतं आणि प्रकाश सरळ पुढे जायच्या ऐवजी विखुरतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने 2018 मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत असे दिवे नव्याच्या जेमतेम 20 टक्के प्रकाश देत होते. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे 70 टक्क्यांवर आला.

जास्त वॅटचा बल्ब हा यावर इलाज नाही. कव्हर धुरकट असेल तर जादा प्रकाशही विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय जादा उष्णतेने होल्डर आणि वायर जळण्याचा धोका असतो.

आधी तपासा

कव्हरवर पाणी मारा. ओलं असताना ते स्वच्छ दिसलं, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे आणि ती घरी दुरुस्त होईल. आत पाण्याचे थेंब असतील, तडे असतील किंवा आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळा पडला असेल, तर घासून उपयोग नाही. मेकॅनिकला दाखवा.

घरी कसं कराल?

1. सावलीत, कोरड्या दिवशी काम करा. कव्हर साबणाने धुवा. आजूबाजूच्या पत्र्याला मास्किंग टेपचे दोन थर लावा, नाहीतर रंगावर ओरखडे येतील.

2. हार्डवेअरच्या दुकानातून 800, 1500 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर आणा. पेपर आणि कव्हर दोन्ही सतत ओले ठेवून आधी 800 ने घासा. सुरुवातीला पिवळं पाणी येईल. ते पांढरं झालं आणि जुना थर सगळीकडून निघाला की पुढचा नंबर घ्या. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

3. शेवटी कव्हर एकसारखं पांढुरकं दिसेल. घाबरू नका, ते तसंच दिसायला हवं.

4. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. थिनर किंवा पेट्रोल अजिबात वापरू नका. त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

5. हेडलाइटसाठीचा यूव्ही क्लिअर कोट स्प्रे पातळ हाताने दोनदा मारा. दोन थरांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मोकळ्या हवेत, मास्क लावून मारा आणि मुलांना लांब ठेवा. टू-के प्रकारच्या स्प्रेची वाफ फुप्फुसांना घातक असते. त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही, ते काम पेंटरकडूनच करून घ्या.

टूथपेस्टचं काय?

टूथपेस्टने कव्हर चमकतं, हे खरं आहे. ती बारीक पॉलिशचं काम करते. पण वर संरक्षक थर नसल्यामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पिवळेपणा परत येतो. नुसतं घासून सोडलं तरी तेच होतं. म्हणून पाचवी पायरी गाळू नका.

भाईजानचे दिवे आम्ही एका रविवारी दुपारपर्यंत साफ केले. बल्ब जुनाच ठेवला. त्या रात्री गल्लीच्या टोकाचा गतिरोधक लांबूनच दिसला.