ऑर्डर पोचली, हे कशावरून?

ओळखीच्या दुकानदाराला फोन करून 'दहा डझन वह्या पाठवा' असं सांगणं सोपं आहे. पण वॉलमार्टसारखी कंपनी हजारो सप्लायर्सना ऑर्डर देते तेव्हा तिकडे फोन घ्यायला कुणी बसलेलं नसतं. ऑर्डर एका कॉम्प्युटरमधून निघते आणि थेट दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरते. यालाच इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, थोडक्यात ईडीआय म्हणतात. आता सांगा, ही ऑर्डर वाटेत हरवली, अर्धवट पोचली किंवा दोनदा पोचली तर? दुप्पट आलेल्या मालाचे पैसे कुणी द्यायचे? या भांडणाचं उत्तर ऑर्डरमध्ये नाही, तिच्या पॅकिंगमध्ये असतं!

पाकिटात पाकीट

अमेरिकेत १९७९ मध्ये एक्स-१२ ही कमिटी स्थापन झाली आणि तिने अशा कागदपत्रांचं स्टँडर्ड तयार केलं. त्यात प्रत्येक डॉक्युमेंटला नंबर आहे. ८५० म्हणजे परचेस ऑर्डर, ८५६ म्हणजे माल निघाल्याची सूचना आणि ८१० म्हणजे बिल.

हे डॉक्युमेंट तीन पाकिटांत जातं. सर्वांत आतलं पाकीट एसटी या ओळीने उघडतं आणि एसई या ओळीने बंद होतं. मधलं जीएस ते जीई. यात एकाच प्रकारची डॉक्युमेंट्स एकत्र बांधतात. सर्वांत बाहेरचं आयएसए ते आयईए. त्यावर पाठवणारा, घेणारा, तारीख, वेळ आणि नऊ आकडी कंट्रोल नंबर असतो.

गंमत पुढेच आहे. प्रत्येक पाकीट बंद करणारी ओळ आतला हिशेब सांगते. समजा ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत आणि एसटी-एसई धरून एकूण ७ ओळी होतात. मग एसईमध्ये ७ हा आकडा लिहिलेला असतो. वाटेत एक ओळ गळाली तर मोजून ६ भरतात आणि चोरी लगेच पकडली जाते! सुरुवातीचा कंट्रोल नंबर शेवटीही जुळावा लागतो. तोच नंबर परत आला तर ही ऑर्डर आधीच आली आहे, हे घेणाऱ्याला कळतं. युनायटेड नेशन्सच्या एडिफॅक्ट या स्टँडर्डमध्ये ओळींची नावं वेगळी आहेत, पण युक्ती हीच.

इंटरनेटवरचा प्रवास

पूर्वी ही पाकिटं खासगी नेटवर्कच्या मेलबॉक्समधून जायची आणि त्याचं भाडं द्यावं लागायचं. इंटरनेट स्वस्त, पण उघडा रस्ता! म्हणून एएस-२ हा प्रोटोकॉल आला. वॉलमार्टने २००२ मध्ये सप्लायर्सना तो वापरायला सांगितला आणि त्याचा बोलबाला झाला. २००५ मध्ये तो आरएफसी ४१३० म्हणून प्रसिद्ध झाला.

एएस-२ या पाकिटांवर आणखी एक आवरण चढवतं. पाठवणारा डिजिटल सही करतो, मग घेणाऱ्याच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट करतो आणि एचटीटीपीने पाठवतो. घेणारा ते उघडतो, सही तपासतो आणि मिळालेल्या मजकुराचा हॅश काढून आपल्या सहीच्या पावतीत घालून परत पाठवतो. पाठवणाऱ्याकडचा हॅश आणि हा हॅश सारखा निघाला की विषय संपला. 'आम्हाला मिळालंच नाही' किंवा 'आम्हाला वेगळंच मिळालं' असं म्हणायला जागा उरत नाही. पोस्टाच्या रजिस्टर्ड ए.डी.चं सही होऊन परत येणारं कार्ड आठवा. फरक इतकाच, की ते कार्ड पाकीट मिळाल्याचं सांगायचं, ही पावती आतला मजकूरही शाबूत असल्याचं सांगते.

तीन पावत्या, तीन अर्थ

पण इथे एक गफलत होऊ शकते. एएस-२ची पावती म्हणजे 'पाकीट मिळालं', एवढंच. त्यानंतर ९९७ नंबरचं डॉक्युमेंट येतं, ते सांगतं, 'उघडून पाहिलं, रचना बरोबर आहे.' आणि 'हो, एवढा माल देतो' हा होकार येतो ८५५ मधून. पहिली पावती पाहून जो गोदाम रिकामं करून मालाची वाट बघत बसेल, तो फसेल!

आपणही प्रोजेक्टमध्ये डेटा पाठवण्याचा कोड लिहितो आणि स्क्रीनवर 'सेंट' दिसलं की खूश होतो. पण पाठवणं, पोचणं, समजणं आणि मान्य होणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा प्रोजेक्ट करताना यातल्या किती गोष्टींची पावती आपल्याकडे आहे, ते जरूर मोजून बघा!